सह्याद्रीचे सांबर

सातारा-सांगलीच्या पश्चिमेस, कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली जो व्याघ्रप्रकल्प सिद्ध झाला, त्याच्या निबिड अरण्यात, भारत व श्रीलंका जिच्या मूळ मुलखात मोडतात, ती सांबराची उपजाती नांदते. नराची राकट शिंगे, बहुधा प्रत्येकी तीन टोकांची, गळून पुन्हा मखमली वेष्टनात उगवतात. चितळासारखे ठिपके नाहीत, पण गडद तपकिरी अंगाचा हा निशाचर मला अधिक राजबिंडा वाटतो. वाघ-बिबट्याचा सुगावा लागताच तो शेपटी उभारून, पुढचा खूर जमिनीवर आपटीत अशी कर्कश हाक देतो की सारे रान सावध होते. रानात दर्शन दुर्मीळच. हौशींनी सांगली जिल्ह्यातील कुंपणबंद सागरेश्वर अभयारण्य सायंकाळी गाठावे.