खंड्याचा खाऊ

कर्ज मंजूर करताना माणूस पारखायचा की कागद, हा प्रश्न बँकेतल्या तेहतीस वर्षांत मला रोज पडायचा. निवृत्तीनंतर तो पुन्हा पुढ्यात येईल, आणि तोही कुत्र्याच्या खाऊच्या निमित्तानं, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

खंड्या आमच्याकडे आला तो गोकुळपेठच्या बाजारातून. विकत आणलेला नव्हे. भाजीच्या पिशवीमागून चालत आलेला. दार उघडून हिनं विचारलं, "अहो, हा तुमच्याबरोबर आहे का?" मी नाही म्हणालो. तो आत येऊन पायपुसण्यावर बसला. त्याचंच खरं ठरलं.

त्याच्या जेवणाची अडचण नव्हती. पोळी, भात, अंडं असं सगळं चालायचं. प्रश्न होता खाऊचा. 'बस' म्हटल्यावर बसला की काहीतरी हातावर ठेवावं लागतं. मी ग्लुकोजचं बिस्कीट ठेवायचो. शेजारच्या कॉलेजकुमाराकडे लॅब्रेडॉर आहे. एकदा त्यानं हटकलं, "काकाजी, मैदा-साखर काऊन देता त्याले?"

लागलं मनाला. त्याच संध्याकाळी दुकानात गेलो. एक पुडा साडेतीनशे रुपयांचा, शंभर ग्रॅमचा, वर 'निव्वळ चिकन' असं लिहिलेला. दुसऱ्यात पांढरीशुभ्र, गाठी मारलेली हाडं, किंमत साठ रुपये. "घ्या ना जी, सारेच नेतात," दुकानदार म्हणाला. जन्मभर लोकांना बचतीचं महत्त्व सांगितलेला माणूस मी. साठवालाच घेतला.

चौथ्या दिवशी खंड्यानं अन्न सोडलं. उलट्या थांबेनात. सोनोग्राफीत आतड्यात तुकडा अडकलेला दिसला, ऑपरेशन झालं. बिल अकरा हजारांचं. ही काही बोलली नाही. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर तिच्या न बोलण्याचा अर्थ मला कळतो.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. ते हाड नव्हतंच. ते जनावराचं कातडं. कातडी कमावताना आतला थर वेगळा काढतात, चुन्यानं आणि रसायनांनी स्वच्छ करून पांढरा करतात, वळतात आणि वाळवतात. कुत्र्यानं मोठा तुकडा गिळला की तो पोटात पाणी शोषून फुगतो, लवकर पचत नाही.

खंड्याच्या उशाशी बसून मी कागद-पेन्सिल घेतली. जुनी खोड! कच्च्या कोंबडीत सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे किलोभर बोनलेस वाळवलं की हाती जेमतेम पावशेर लागतं. बाजारात मी तीनशे रुपये किलोनं घेतलं होतं. त्या हिशेबानं शंभर ग्रॅम वाळलेल्या कोंबडीत नुसतं मांसच शे-सव्वाशे रुपयांचं झालं. वीज, मजुरी, पुडा, दुकानदाराचा नफा वेगळाच. तेव्हा साठ रुपयांत कोणी 'निव्वळ चिकन' देत असेल, तर तो धर्मादाय करत नाही, दुसरंच काही विकतो आहे. महाग असणं हा चांगुलपणाचा पुरावा नव्हे. फारच स्वस्त असणं ही मात्र धोक्याची घंटा आहे.

महागाचाही भरवसा नाहीच. आपला २००६ चा अन्नसुरक्षा कायदा माणसाच्या अन्नापुरता आहे. पशुखाद्य त्याच्या व्याख्येबाहेर ठेवलेलं आहे. म्हणजे पुड्यावरचं वचन बरंचसं विक्रेत्याच्या सचोटीवरच! अमेरिकेसारख्या देशातही २००७ साली कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात मेलामाइन सापडलं. प्रथिनं मोजताना नायट्रोजन मोजतात, आणि मेलामाइनमध्ये तो भरपूर असतो. तेव्हा चाचणीत माल कसदार दिसला आणि मुकी जनावरं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. खोटी तारणं दाखवून कर्ज उचलण्याचाच हा प्रकार.

कुत्र्याचं बिस्कीट ही कल्पनाही मुळात व्यापाऱ्याचीच. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाचा अमेरिकन लंडनला आला. बंदरावर टाकून दिलेली जहाजी बिस्किटं कुत्री खाताना त्यानं पाहिली आणि कुत्र्यांसाठी वेगळी बिस्किटं काढली, असं सांगतात. त्याआधी हजारो वर्षं कुत्री आपल्या ताटातलंच खात होती. खंडोबाच्या आणि दत्ताच्या कुत्र्यांना कोणी पुडा फोडून दिल्याचं ऐकिवात नाही.

डॉक्टरांनी एक साधा नियम दिला. खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. खंड्या दहा किलोचा. त्याला दिवसाला सुमारे सहाशे कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला साठ. ग्लुकोजची तीन लहान बिस्किटं खाल्ली की कोटा संपला. मी सात-आठ देत होतो! तो कॉलेजकुमार बरोबरच होता.

मग मला खरी गंमत उमगली. कुत्रा वजन मोजत नाही, वेळा मोजतो. बोटभर तुकडा असो की नखाएवढा, शेपूट तेवढीच हलते. साडेतीनशेच्या त्या शंभर ग्रॅमचे शंभर तुकडे केले, तर एकेक साडेतीन रुपयांना पडतो. किलोचा भाव पाहून मी घाबरलो होतो; पाहायला हवा होता तुकड्याचा भाव.

आता बहुतेक खाऊ घरीच होतो. उकडलेल्या कोंबडीचे कण, गाजराच्या चकत्या, हंगामात बी काढलेल्या संत्र्याची एखादी फोड. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण यांना सक्त बंदी. ती कुत्र्याला विषासारखी. म्हणून तर्रीपोह्यांची बशीही आता त्याच्यापासून लांबच असते. पुडा आणलाच तर आधी घटकांची यादी वाचतो. सर्वांत जास्त वजनाचा घटक पहिला लिहितात. वर कोंबडीचं चित्र आणि यादीत पहिला मैदा असेल, तर पुडा परत फळीवर.

तरी एक गळती राहिली होती. खंड्या सकाळी माझ्याकडून खाऊ घ्यायचा आणि काही मिळालंच नाही अशा चेहऱ्यानं हिच्यापुढे जाऊन बसायचा. एकाच ठेवीवर दोन खिडक्यांवरून पैसे उचलणारा खातेदार! आता रोज सकाळी दिवसभराचे तुकडे मोजून डबीत ठेवतो. डबी रिकामी झाली की दोन्ही खिडक्या बंद.

अकरा हजारांचं ते बिल मी फाडलं नाही. फाइलमध्ये आहे. पैशांसाठी नव्हे. कर्जदार निदान कागद वाचून, चार प्रश्न विचारून सही करायचा. खंड्या आपण हातावर ठेवू ते न वाचताच खातो. त्याच्या वाटचं वाचायचं काम आपलं.