बारावीत ९० टक्के, तरी दिल्ली विद्यापीठात प्रवेश नाही? गफलत होते ती सीयूईटीच्या अर्जातच!

दिल्ली विद्यापीठात शिकायचे तर बारावीत ९५ टक्के हवेत, असा समज आजही अनेक घरांत आहे. प्रत्यक्षात २०२२ पासून तिथले नियमित पदवी प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर नव्हे, तर सीयूईटी-यूजी या सामाईक परीक्षेच्या गुणांवर होतात. बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे आहे. दोघांचे गुण सारखे आले, तरच बारावीचे टक्के पाहिले जातात. त्यामुळे प्रवेशाची खरी लढाई अर्ज भरतानाच सुरू होते.

परीक्षा कशी असते?
राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए, ही परीक्षा संगणकावर घेते. २०२५ पासून जास्तीत जास्त पाच विषय निवडता येतात. प्रत्येक विषयाचे ५० प्रश्न आणि वेळ ६० मिनिटे. बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. माध्यमाच्या १३ भाषांत मराठीही आहे. भाषेच्या पेपरसाठीही मराठी निवडता येते आणि दिल्ली विद्यापीठाच्या भाषांच्या यादीत ती आहे.

विषय निवडताना काय पाहायचे?
इथेच सर्वाधिक गफलत होते. बीए ऑनर्स अर्थशास्त्रासाठी सीयूईटीत गणित द्यावेच लागते. 'अर्थशास्त्र घ्यायचे आहे, मग अर्थशास्त्राचा पेपर दिला की झाले' असे समजून गणित सोडले, तर त्या विषयात कितीही गुण मिळाले तरी हा अभ्यासक्रम हातचा जातो. बीकॉम ऑनर्ससाठी मात्र गणित नसेल तर अकाउंटन्सीचा पर्याय आहे. दुसरी अट म्हणजे, बारावीला जे विषय होते, त्याच विषयांची सीयूईटी दिल्ली विद्यापीठ ग्राह्य धरते. म्हणून आधी अभ्यासक्रम ठरवा, त्याची पात्रता विद्यापीठाच्या माहितीपत्रकात वाचा आणि मगच विषय निवडा.

राज्य मंडळाचा अभ्यास पुरतो का?
पूर्णपणे नाही. सीयूईटी एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर असते. राज्य मंडळाचे बारावीचे इतिहासाचे पुस्तक युरोपातील प्रबोधनापासून सुरू होते, तर एनसीईआरटीचे हडप्पा संस्कृतीपासून. विज्ञान शाखेत तफावत कमी आहे, कला शाखेत ती जास्त जाणवते. एनसीईआरटीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. बोर्डाच्या परीक्षेनंतरचे आठवडे त्यांच्यासाठी राखून ठेवा.

जातीचा दाखला राज्याचा चालेल का?
महाराष्ट्रातील विद्यार्थी इथे हमखास अडकतात. केंद्रीय विद्यापीठांत एससी १५ टक्के, एसटी ७.५ टक्के, ओबीसी २७ टक्के आणि ईडब्ल्यूएस १० टक्के असे आरक्षण आहे. विजा-भज, विमाप्र किंवा एसईबीसी हे राज्याचे प्रवर्ग तिथे नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर तपासा. असल्यास केंद्र सरकारच्या नमुन्यातील नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र काढा. हे प्रमाणपत्र आणि ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचे लागते. तहसील कार्यालयात जून-जुलैमध्ये गर्दी असते, त्यामुळे एप्रिलमध्येच अर्ज टाकलेला बरा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, असे असल्यास तेही वेळेत जुळवून घ्या.

निकालानंतर काय?
सीयूईटीचा निकाल म्हणजे प्रवेश नव्हे. दिल्ली विद्यापीठाच्या सीएसएएस पोर्टलवर वेगळी नोंदणी करून महाविद्यालय आणि अभ्यासक्रम यांचे पसंतीक्रम भरावे लागतात. ७० हजारांहून अधिक जागांचे वाटप त्यावरून फेऱ्यांमध्ये होते. तीन गोष्टी लक्षात ठेवा:

• पसंतीक्रम भरताना हात आखडता घेऊ नका. जिथे खरोखर जायचे आहे, ते सर्वांत वर ठेवा.
• मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते.
• जागा स्वीकारून शुल्क भरल्यावर 'अपग्रेड' निवडता येते. वरच्या पसंतीची जागा मिळाली, की आधीची आपोआप रद्द होते. मिळालेल्या जागेवर समाधानी असाल तर 'फ्रीझ' करा.

इथला प्रवेश घेऊन ठेवावा का?
हो. राज्यातील महाविद्यालयांच्या गुणवत्ता याद्या बहुधा सीयूईटीच्या निकालाआधीच लागतात. दिल्लीच्या भरवशावर इथली जागा सोडली आणि तिथेही नंबर लागला नाही, तर वर्ष वाया जाण्याची भीती असते. यूजीसीच्या नियमांनुसार ठरावीक मुदतीत प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळते आणि महाविद्यालयाला मूळ कागदपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. यंदाची परताव्याची मुदत मात्र शुल्क भरण्यापूर्वीच पाहून घ्या.

दिल्ली विद्यापीठात राज्यनिहाय कोटा नाही. म्हणजे लातूर किंवा गडचिरोलीच्या मुलीला दिल्लीच्या मुलाइतकीच संधी आहे. फक्त त्यासाठीची तयारी बारावीच्या निकालानंतर नव्हे, बारावीचे वर्ष सुरू होतानाच करायला हवी.