रंगीत गोगलगायींची हजेरी

मंडळी, शाहूपुरीच्या व्यापारपेठेत समुद्राचा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण घाट उतरला की कोकणचा किनारा लागतो, आणि तेथील एक कोडे आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

पावसाळ्यात परसात दिसणाऱ्या गोगलगायीचे समुद्रातले एक भावंड असे आहे, की मोठेपणी त्याच्या पाठीवर शंख नसतो. जांभळे, पिवळे, निळे असे भडक रंग मात्र असतात. शास्त्रज्ञ त्यांना न्युडिब्रँक म्हणतात. जगात त्यांच्या सुमारे ३,००० जाती आहेत. इंडोनेशिया-फिलिपाइन्सच्या समुद्रात त्या सर्वांत विपुल. आपल्याकडे लक्षद्वीपात पुष्कळ, कोकणात त्या मानाने थोड्या. असे का?

पहिले कारण पोटाचे. यांतली बहुतेक जात ठरावीक अन्नावरच जगते: कोणी स्पंजावर, कोणी प्रवाळावर. स्पंजातले विष पचवून काही जाती ते आपल्या कातडीत साठवतात. भडक रंग म्हणजे माशांना दिलेली ताकीद. यांची पिल्ले पाण्यात तरंगत येतात आणि अन्नाची चाहूल लागेल तेथे तळ धरतात. जेथे काम तेथे मजूर, तसेच हे.

दुसरे कारण गाळाचे. सह्याद्रीवरून धावणाऱ्या नद्या पावसाळ्यात माती आणि गोडे पाणी कोकणच्या समुद्रात ओततात. गढूळ पाण्यात प्रवाळाची वाढ खुंटते. लक्षद्वीपात नदीच नाही. पाणी नितळ, प्रवाळ भरपूर.

तिसरे कारण आम्हांला जवळचे वाटते. २००९ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दीपक आपटे यांनी लक्षद्वीपातील अशा जीवांची यादी दिली. तीत ५२ नोंदी लक्षद्वीपासाठी नव्या होत्या, तर ४० साऱ्या भारतासाठी. ते जीव त्या वर्षी तेथे आले नव्हते. मोजणारा आला होता. पुढे २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या मंडळींनी मुंबईचे खडक ओहोटीला धुंडाळले, तेव्हा त्या गजबजलेल्या शहराच्या कडेलाही रंगीत गोगलगायी सापडल्या.

हजेरीपटावर नाव नसलेला कामगार कामावर नव्हताच, असे मालक म्हणतो. मग त्याला अपघाताची भरपाईही नाही. किनाऱ्याचेही तसेच आहे. प्रवाळांचे नाव वन्यजीव कायद्याच्या यादीत होते, म्हणून मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी ते हलविण्याआधी सरकारी परवानगी घ्यावी लागली आणि २०२० साली ते दुसरीकडे नेऊन बसविले गेले. ज्याची नोंदच नाही, त्याच्यावर भराव पडला तर विचारणार कोण?

तेव्हा मालवणला जाल तर अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला खडकांतील डबकी पाहा. दगड उलटलात तर तसाच परत ठेवा, जीव उचलू नका. छायाचित्र घ्या, तारीख आणि जागा लिहून जाणत्या अभ्यासकाकडे पाठवा. कोकणचा हजेरीपट अजून पुरा भरलेला नाही.