परतीचा दोर : दोराविना आरोहणाच्या समर्थनीयतेचा विचार

अकोले तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचा माथा उभा आहे. कळसूबाई (१६४६ मीटर) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, हरिश्चंद्रगडाचा अंतर्वक्र कोकणकडा, आणि इगतपुरीच्या सीमेलगतचे अलंग, मदन व कुलंग हे दुर्ग याच परिसरातील होत. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या उद्ध्वस्त केल्या. अलंग व मदन येथील तुटलेल्या वाटांवर आज दोर लावल्यावाचून सामान्य यात्रिकास वर जाता येत नाही. परंतु तो दोर वर बांधण्यासाठी प्रथम कोणी तरी वरून दोराचा आधार नसताना चढावे लागते. इतरांची सुरक्षितता अशा प्रकारे एकाच्या जोखमीवर अवलंबून असते. ही जोखीम कितपत समर्थनीय आहे, असा प्रश्न यातून उद्भवतो.

या प्रश्नाचा विचार करताना मराठीतील दोन शब्दप्रयोग उपयोगी पडतात. पहिला ‘साहस’. हा शब्द बलवाचक ‘सहस्’पासून सिद्ध झाला असून धर्मशास्त्रातील अठरा व्यवहारपदांत तो बळाने केलेल्या अपराधाचा वाचक आहे. आधुनिक मराठीत तो गुणवाचक झाला. निंदेचा अंश ‘दुःसाहस’ या शब्दाकडे गेला. दुसरा प्रयोग ‘परतीचे दोर कापणे’. १६७० मध्ये सिंहगडावर तानाजी मालुसरे पडल्यानंतर सूर्याजीने पळणाऱ्या मावळ्यांना कड्याचे दोर कापल्याचे सांगितले, अशी परंपरा आहे. या प्रयोगात दोर हे केवळ चढण्याचे साधन नसून परत येण्याच्या शक्यतेचे प्रतीक आहे. युद्धात ती शक्यता नाहीशी करणे हा पराक्रम ठरला, कारण मागे फिरण्याने कार्यच बुडाले असते. कड्यावर चढणाऱ्यापुढे असे कोणते कार्य असते?

पाश्चात्त्य गिर्यारोहणातही हाच मुद्दा वादाचा विषय झाला होता. ऑस्ट्रियन गिर्यारोहक पाउल प्रॉइस याने १९११ मध्ये मेखा व दोर यांच्या आधारावर विसंबण्यास विरोध केला. जेथे चढावयाचे तेथून स्वसामर्थ्याने उतरताही आले पाहिजे, ही त्याची कसोटी होती. म्हणजे परतीची शक्यता त्याने दोरातून काढून आरोहकाच्या अंगी आणली. ही कसोटी कठोर आहे, पण पुरेशी नाही. १९१३ मध्ये एकट्याने चढताना पडून प्रॉइसचा अंत झाला.

३ जून २०१७ रोजी अमेरिकन आरोहक अ‍ॅलेक्स हॉनल्ड याने योसेमिटी येथील एल कॅपिटन हा सुमारे ९०० मीटरांचा कडा दोराविना सर केला. या कृत्यास बेफिकिरी म्हणणे चुकीचे होईल. त्याने दोर बांधून त्या मार्गाचा दीर्घकाळ अभ्यास केला होता, आणि २०१६ मध्ये मन साशंक होताच तो आरंभीच्या टप्प्यातून मागे फिरला होता. तथापि तो कडा ग्रॅनाइटचा आहे. सह्याद्रीचा कडा लाव्हाच्या थरांचा. त्यात झिजलेला, सुटा दगड व गवताळ कपारी पुष्कळ, आणि प्रत्येक पावसाळा त्यांत बदल घडवितो. गतवर्षी ज्या खाचेने भार पेलला तीच यंदा हातात सुटून येऊ शकते. म्हणून तेथील दृष्टान्त येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

यावरून समर्थनीयतेच्या तीन अटी निष्पन्न होतात : मार्गाचे पूर्ण ज्ञान, मागे फिरण्याचे स्वातंत्र्य, आणि परिणामाचा भार दुसऱ्यावर न पडणे. तिसरी अट सर्वांत दुर्घट होय. दरीत उतरून देह वर आणणाऱ्यांनाही जीव असतो, आणि घरी वाट पाहणारेही असतात.

आता मूळ उदाहरणाकडे वळावे. दोर बांधण्यासाठी पुढे चढणारा पुष्कळदा पायथ्याच्या गावातील तरुण असतो. त्याचे मार्गज्ञान निःसंशय श्रेष्ठ आहे; परंतु मजुरी ठरली आणि खाली मंडळी खोळंबली, की मागे फिरण्याचे स्वातंत्र्य त्याला कितपत उरते? स्वेच्छेने दोर सोडणाऱ्याच्या साहसाविषयी मतभेद संभवतो. ज्याला दोर दिलाच जात नाही त्याच्या जोखमीस मात्र साहस हे नाव देता येणार नाही. त्याच्या कमरेला दोर, वाटेत पक्क्या मेखा आणि खाली दोर सांभाळणारा जाणता माणूस असणे, ही वर जाऊ इच्छिणाऱ्यांची पहिली जबाबदारी होय.