पत, भावना आणि हिशेब

लोकशाहीत बहुतेक निर्णय शब्दांच्या बळावर होतात. सभेतील भाषण, निवडणुकीचा जाहीरनामा, ठेवी मागणारी जाहिरात या साऱ्यांचा हेतू ऐकणाऱ्याचे मन वळविणे हाच असतो. मन वळविण्याच्या साधनांचा पद्धतशीर विचार ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात केला. बोलणाऱ्याच्या शीलामुळे वाटणारा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि प्रत्यक्ष युक्तिवाद अशी ती तीन साधने होत. व्यवहाराच्या भाषेत त्यांना पत, भावना आणि हिशेब म्हणता येईल.

मिठावरील कराच्या इतिहासात ही तिन्ही स्पष्ट दिसतात. २६ मार्च १९०२ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. सरकार शिलकीकडे बोट दाखवून देशाच्या भरभराटीची ग्वाही देत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवले. रुपयाचा दर सुमारे १३ पेन्सांवरून १६ पेन्सांवर गेल्यामुळे विलायतेत भरावयाच्या रकमांचा बोजा घटला होता. रुपया घसरत असताना वाढविलेले कर मात्र कायम होते. तेव्हा ही शिल्लक गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याची खूण होय, असे त्यांनी दाखविले. मिठावरील मणामागे अडीच रुपयांचा कर १९०३ मध्ये दोन रुपयांवर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. त्याचे सर्व श्रेय एका भाषणाला देता येणार नाही. परंतु प्रतिपक्षालाही विचारात घ्यावा लागावा, असा तो हिशेब होता.

त्याच करासंबंधी २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिले. त्यातही आकडे होते, पण त्यांचे कार्य निराळे होते. व्हाइसरॉयचे वेतन महिना २१ हजार रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ७०० रुपये. आणि भारतीयाचे सरासरी उत्पन्न दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. ही तफावत पाच हजार पटींहून अधिक भरते. ७०० रुपयांचे ११,२०० आणे होतात. भागाकार कोणीही करून पाहावा. या आकड्यांनी वाचणाऱ्याच्या मनात अन्यायाची चीड उत्पन्न होते. शिवाय पत्रलेखकाने स्वतः गरिबाचे राहणीमान पत्करले होते आणि कायदेभंगाची शिक्षा भोगण्याची तयारी ठेवली होती. ती त्याची पत होती.

तेव्हा भावनेला हात घालणे हे सदैव लबाडीचेच लक्षण मानता येत नाही. त्या भावनेच्या मुळाशी तपासता येईल असा हिशेब आहे की नाही, हे पाहणे महत्त्वाचे.

ही कसोटी पगारदार मध्यमवर्गाच्या विशेष उपयोगाची आहे. तीन वर्षांत दामदुप्पट देऊ करणाऱ्या योजनेच्या व्यासपीठावर प्रतिष्ठित पाहुणे असतात, भाषणात मुलीचे लग्न आणि म्हातारपणाची काळजी असते, आणि हाती आकड्यांचा सुबक तक्ता दिला जातो. तिन्ही साधने हजर असतात. परंतु तीन वर्षांत दामदुप्पट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे २६ टक्के. कोणता प्रामाणिक धंदा प्रत्येक ठेवीदाराला दरवर्षी हमखास एवढे देऊ शकेल, या प्रश्नाचे उत्तर पाहुण्यांच्या कीर्तीत सापडत नाही. बक्षीस-चिठ्ठी आणि पैसा फिरविण्याच्या योजनांवर केंद्राने १९७८ मध्ये कायद्याने बंदी घातली. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. पण कायदा बहुधा पैसे बुडाल्यानंतरच धावून येतो.

आपल्या शाळा-महाविद्यालयांतून वक्तृत्वस्पर्धा उत्साहाने भरतात आणि उत्तम बोलणाऱ्याला ढाल मिळते. ऐकणाऱ्याच्या शिक्षणाची मात्र कोठेच सोय नाही. एखादे प्रचारपत्रक विद्यार्थ्यांच्या हाती देऊन त्यातील कोणते वाक्य केवळ पत सांगते, कोणते भावना चाळवते आणि कोणते पडताळून पाहता येते, हे वेगळे करावयास लावणे कोणत्याही शिक्षकाला सहज शक्य आहे. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.