इन्शुलिन लिलीला, वाढीचे संप्रेरक स्वतःकडे

जानेवारी 1976 मध्ये रॉबर्ट स्वॉन्सन या 28 वर्षांच्या तरुणाने सॅन फ्रान्सिस्कोत जीवशास्त्रज्ञ हर्बर्ट बॉयर यांची गाठ घेतली. एका जीवातले जनुक दुसऱ्यात बसवण्याचे तंत्र बॉयर आणि स्टॅन्ली कोहेन यांनी 1973 मध्ये सिद्ध केले होते. 1976 च्याच एप्रिलमध्ये स्वॉन्सन आणि बॉयर यांनी प्रत्येकी 500 डॉलर घालून जेनेन्टेक कंपनी स्थापन केली.

1978 मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्शुलिन तयार करून घेण्यात यश आले. मग प्रश्न उभा राहिला: विकायचे कोणी? अमेरिकेतली इन्शुलिनची बाजारपेठ बहुतांशी इलाय लिली या औषध कंपनीच्या हातात होती. गुराडुकरांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन काढून ती 1923 पासून विकत होती. कारखाने, विक्रेते, डॉक्टरांचा विश्वास, सगळे तिच्याकडे. लाखो मधुमेहींपर्यंत स्वतः पोहोचण्याची जेनेन्टेकची ऐपत नव्हती. तिने ऑगस्ट 1978 मध्ये लिलीशी करार केला: उत्पादन आणि विक्री लिलीची, जेनेन्टेकला रॉयल्टी. ऑक्टोबर 1982 मध्ये ‘ह्युम्युलिन’ला परवानगी मिळाली. या कराराने घबाड हातचे गेले, असे म्हणणे अन्यायाचे आहे. लिलीशी टक्कर घेतली असती तर कंपनीच टिकली नसती.

मानवी वाढीच्या संप्रेरकाचे गणित वेगळे होते. खुंटलेल्या वाढीची मुले थोडी, त्यांच्यावर उपचार करणारे तज्ज्ञ मोजके. एवढ्यांना गाठायला विक्रेत्यांची फौज लागत नव्हती. तोवर हे संप्रेरक मृतदेहांच्या पीयूषिका ग्रंथींतून काढले जाई. 1985 मध्ये त्यातून क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा प्राणघातक मेंदुविकार होत असल्याचे आढळले आणि अमेरिकेत त्याचे वाटप थांबले. त्याच ऑक्टोबरात जेनेन्टेकच्या ‘प्रोट्रोपिन’ला मान्यता मिळाली. ते तिने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या माणसांकरवी विकले. प्रत्येक औषधासाठी बाजारपेठ पाहून वाट निवडणे, हेच तिचे खरे शहाणपण.

पुढे रॉश या औषध कंपनीने 1990 मध्ये जेनेन्टेकमधला बहुसंख्य हिस्सा घेतला. 2009 मध्ये उरलेला हिस्सा सुमारे 46.8 अब्ज डॉलरना विकत घेतला.

इन्शुलिनच्या रॉयल्टीचा वाद मात्र दीर्घकाळ चालला. इन्शुलिनची जनुके रसायनशाळेत जुळवली होती कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप संस्थेच्या संशोधकांनी. जेनेन्टेकने इतर कंपन्यांना दिलेल्या परवान्यांतल्या वाट्यासाठी संस्था न्यायालयात गेली. 2008 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला मिळालेली 30 कोटी डॉलरची भरपाई कायम केली.