सहा तारांचा हिशेब

वापरलेली गिटार विकणं तसं सोपं. घेणारा येतो, दांडी वाकलेली नाही ना ते बघतो, फ्रेट किती झिजलेत ते बोट फिरवून पाहतो, अॅम्प्लिफायरला जोडून चार कॉर्ड वाजवतो आणि भाव सांगतो. पण सिंथेसायझरला जोडता येणारी इलेक्ट्रिक गिटार विकायला काढली, की ही तपासणी अपुरी पडते. ऑर्केस्ट्रात अनेक वर्षं वाजवलेली अशी एक गिटार मी नुकतीच विकली. त्या निमित्तानं हे चार शब्द.

साध्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि सहाही तारांचा नाद एकाच प्रवाहात मिसळून बाहेर पडतो. सिंथेसायझरला हा गोपाळकाला चालत नाही. कोणती तार कोणत्या सुरात वाजते आहे, हे त्याला वेगवेगळं कळावं लागतं. म्हणून घोडीला अगदी लागून एक बारीक पट्टी बसवतात. तिच्यात सहा तारांसाठी सहा स्वतंत्र पिकअप असतात. त्यांचे सहा संदेश एका जाड केबलमधून पायाशी ठेवलेल्या यंत्रात जातात. यंत्र सूर ओळखतं आणि त्याच सुरात बासरी, व्हायोलिन, जे हवं ते वाजवतं. बासरीवाला ऐनवेळी आला नाही, तर त्याचा तुकडा मी गिटारवर निभावून नेत असे. प्रेक्षक मात्र बासरी कुठे आहे, हे माना उंचावून शोधत!

या पट्टीला वीज मिळते ती बहुधा त्या यंत्राकडूनच, त्याच केबलमधून. यंत्र नसेल तर पट्टी मुकी. त्यामुळे नेहमीची केबल लावून गिटार ऐकणाऱ्याला अर्धंच वाद्य ऐकू येतं. जुन्या वाद्यांच्या व्यापाऱ्याकडे यंत्र नसलं, तर तो साध्या गिटारचाच भाव देणार. त्याचंही चूक नाही. जे ऐकता येत नाही त्याचे पैसे तो का मोजेल?

दुसरी बाब जोडणीची. जपानच्या रोलँड कंपनीनं १९७७ मध्ये जीआर-५०० हा आपला पहिला गिटार सिंथेसायझर आणला. त्या जमान्यातली जोडणी २४ पिनांची होती. पुढे १३ पिनांची आली आणि तीच रूढ झाली. २०२३ मध्ये त्याच कंपनीच्या बॉस या नावाखाली नवी डिजिटल जोडणी आली. म्हणून जाहिरातीत पिनांची संख्या स्पष्ट लिहावी आणि खोबणीचा जवळून काढलेला फोटो द्यावा. १३ पिनांची गिटार नव्या यंत्राला जोडून देणारा परिवर्तक मिळतो, तेव्हा नवीन आलं म्हणून जुनं मातीमोल झालं, असं घाबरून स्वस्तात विकू नये.

आता खरी कसोटी. जाड तारेवर सूर किंचित उशिरा उमटतो. तो दोष नव्हे. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, म्हणजे एका कंपनालाच १२ सहस्रांश सेकंद लागतात. निदान एखादं कंपन पुरं झाल्याशिवाय यंत्र सूर ओळखणार कसा? बारीक तारेचं कंपन त्याच्या चौथ्या हिश्शात होतं, म्हणून तिथे उशीर जाणवत नाही. हे घेणाऱ्याला आधीच समजावून सांगावं, नाहीतर चांगलं वाद्य बिघडलेलं ठरतं.

याउलट, खरा दोष सहज लपवता येतो. माझ्या गिटारच्या चौथ्या तारेचा पिकअप अशक्त झाला होता. यंत्रात प्रत्येक तारेची संवेदनशीलता वेगळी वाढवता येते. ती मी चौथ्या तारेपुरती वाढवून ठेवली होती, त्यामुळे ऐकताना फरक कळत नसे. घ्यायला आलेला तरुण लग्नाच्या वरातींत आणि ऑर्केस्ट्रात वाजवणारा, वाजवण्यावर घर चालवणारा. यंत्र त्याच्याकडे होतं, त्याला फक्त गिटार हवी होती. म्हणजे घरी जाऊन आपल्या यंत्राला जोडल्यावर त्याला ती तार मेलेली मिळाली असती. कदाचित भर कार्यक्रमात.

मी सहाही तारांचे आकडे सारखे केले आणि गिटार त्याच्या हातात दिली. म्हटलं, ‘एकेक तार, एकेक फ्रेट, आधी हळू मग जोरात वाजव.’ चौथ्या तारेवर तो थांबला. ‘काका, ही बसलीय की काय?’

शेवटचा फ्रेट दाबून पट्टी आणि तार यांच्यातलं अंतर मोजलं. साधारण एक मिलिमीटर असावं लागतं, ते तेवढंच होतं. खोबणीच्या पिनांवर पावसाळी हवेनं काळपटपणा धरला होता. तो साफ केल्यावर थोडा फरक पडला, पुरता नाही. मग पट्टी बदलायला किती खर्च येईल त्याचा अंदाज काढून तेवढी रक्कम किमतीतून वजा केली. घासाघीस झालीच नाही.

जाताना तो केबल खोबणीत तशीच ठेवून गिटार पिशवीत घालत होता. ती काढायला लावली. प्रवासात धक्का बसला तर पिना वाकतात, आणि त्या सरळ करणारा कारागीर दर गावात नसतो.